कायद्याच्या विद्यार्थ्याचे हक्क: प्रवेशापासून सनदेपर्यंत

लॉ कॉलेजच्या पहिल्याच वर्षात राज्यघटनेतली कलमं तोंडपाठ होतात. पण आपल्या कॉलेजने आठवड्याला किती तास शिकवायला हवं, मूळ दाखला अडवून ठेवता येतो का, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळते का, असं विचारलं की बहुतेक विद्यार्थी गप्प होतात. सल्ला विचारायला येतात तेव्हा बहुधा मुदत उलटून गेलेली असते आणि हातात एकही कागद नसतो. सगळं बोलणं तोंडी झालेलं असतं, ऑफिसात कुणीतरी ‘नंतर बघू’ म्हटलेलं असतं. म्हणून या लेखात प्रत्येक हक्कासोबत तो कुणाकडे, कसा आणि किती दिवसांत मागायचा हेही सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) नियम देशभर लागू आहेत. राज्याचे कायदे आले आहेत ते महाराष्ट्राचे.

पहिली पायरी: प्रवेश घेण्याआधी मान्यता तपासा

अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ नुसार कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरवायचं काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आहे. तिचे २००८ चे ‘रूल्स ऑफ लीगल एज्युकेशन’ हे तुमचं खरं हत्यार. कौन्सिलच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतात. एकदा डाउनलोड करून निवांत वाचा.

कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असलं म्हणजे झालं, असं नाही. बार कौन्सिलची मान्यता वेगळी असते. ती अभ्यासक्रमाप्रमाणे आणि तुकड्यांप्रमाणे मिळते, आणि ठरावीक मुदतीची असते. तीन वर्षांच्या कोर्सला मान्यता आहे म्हणून पाच वर्षांच्या कोर्सलाही असेलच, हे गृहीत धरू नका. एका तुकडीत साठहून जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत. ऑफिसात सरळ सांगा, ‘मान्यतेचं पत्र दाखवा, कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे ते बघायचंय.’ टाळाटाळ झाली तर तेच तुमचं उत्तर समजा. मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेतलेल्यांनाच सनद (वकिलीचा परवाना) देण्याचा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये वैध ठरवला आहे. म्हणजे मान्यतेत खोट निघाली तर तीन किंवा पाच वर्षांचं नुकसान तुमचं, संस्थाचालकांचं नाही.

स्वतःची पात्रताही इथेच तपासून घ्या. पात्रता परीक्षेत (पाच वर्षांच्या कोर्सला बारावी, तीन वर्षांच्या कोर्सला पदवी) खुल्या गटासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. दहावी-बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी बार कौन्सिलला चालत नाही. बारावी करून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. हा फरक प्रवेशाच्या वेळी कुणी समजावून सांगत नाही आणि सनदेच्या वेळी तोच आडवा येतो. वयाची धास्ती मात्र घेऊ नका. वयोमर्यादेच्या अधिसूचनेला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये स्थगिती दिली, त्यानंतर पन्नाशीतले लोकही वर्गात बसले आहेत.

एकाच वेळी दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रम करता येत नाही. भाषेचा किंवा संगणकाचा अर्धवेळ प्रमाणपत्र कोर्स चालतो. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बार कौन्सिलने नोकरी, दुसरा अभ्यासक्रम आणि गुन्ह्याची नोंद यांबद्दल घोषणापत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्यात काही लपवू नका. जे आहे ते लिहिलं तर मार्ग निघतो, लपवलेलं नंतर उघड झालं तर फार महागात पडतं.

दुसरी पायरी: फी आणि मूळ कागदपत्रं

महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित लॉ कॉलेजची फी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॉलेजनिहाय मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. ती बघा, पावतीशी ताडून बघा. डोनेशन, विकासनिधी असं काहीही नाव दिलं तरी मंजूर फीपेक्षा जास्त रक्कम ही कॅपिटेशन फीच, आणि तिच्यावर राज्यात १९८७ पासून बंदी आहे. फी आगाऊ घ्यायची तर एका सेमिस्टरची किंवा एका वर्षाची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ‘इस्लामिक अकॅडमी’ खटल्यात सांगितलं. सगळ्या वर्षांची एकदम मागणारं कॉलेज या निकालाच्या विरोधात जातं.

प्रवेश रद्द केला तर परतावा किती? यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आत, कापता येतात. अंतिम तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. यूजीसी एखाद्या वर्षापुरती यापेक्षा सवलतीची मुदतही देते आणि राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या (सीईटी सेलच्या) केंद्रीय फेरीतून झालेल्या प्रवेशांना त्या फेरीचे नियम असतात. म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक आधी काढा, मग अर्ज करा.

याच अधिसूचनेने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला बंदी केली आहे. कॉलेजने मूळ कागद पडताळावेत, साक्षांकित प्रती ठेवाव्यात आणि मूळ लगेच परत द्यावेत. ‘उरलेली फी भरा, मग मार्कशीट मिळेल’ हे वाक्य कानावर आलं तर घाबरू नका. कागदपत्रं अडवणं ही यूजीसीच्या नियमांत नाव घेऊन नोंदवलेली तक्रार आहे.

तिसरी पायरी: शिकवणी आणि हजेरी

हजेरीवरून सगळ्यात जास्त रडारड होते, त्यामुळे इथे जरा थांबू.

हजेरीचा नियम सगळ्यांना माहीत असतो, कारण तो कॉलेज विद्यार्थ्याला सुनावतं. त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही: बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे आठवड्याला किमान ३० तासांचं अध्यापन व्हायला हवं आणि त्यात किमान २४ तास व्याख्यानांचे हवेत. बाकीच्यात ट्युटोरियल, मूट कोर्ट (सरावासाठीचा नकली खटला), सेमिनार येतात. तीन वर्षांच्या कोर्सला सेमिस्टर किमान १५ आठवड्यांचं, पाच वर्षांच्या एकत्रित कोर्सला १८ आठवड्यांचं. वेळापत्रकावर सहा लेक्चर आणि प्रत्यक्षात दोन, अशी परिस्थिती असेल तर नियम कॉलेज मोडतंय. वर्गातल्या चौघांनी मिळून महिनाभर साधी नोंद ठेवा: तारीख, विषय, तास झाला की नाही. ही वही पुढे तक्रार समितीसमोर फार बोलते.

आता हजेरी. बार कौन्सिलच्या नियम १२ नुसार त्या विषयाच्या झालेल्या तासांपैकी ७० टक्के हजेरी लागते. ‘झालेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. वेळापत्रकाप्रमाणे ६० तास असले आणि ४० च झाले, तर ७० टक्के म्हणजे २८, ४२ नव्हे. अपवादात्मक कारणाने हजेरी कमी पडली तर प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात. अट एवढीच की त्या विषयात किमान ६५ टक्के आणि सगळे विषय मिळून ७० टक्के असावी. वरच्या उदाहरणात ६५ टक्के म्हणजे २६ तास. दोन तासांनी घोडं अडलं असेल तर बाकीच्या विषयांची हजेरी तुम्हाला तारून नेऊ शकते. हिशोब स्वतः मांडून अर्जातच द्या.

अर्ज कधी करायचा? आजारपणातून किंवा अडचणीतून परत आलात त्याच आठवड्यात. डिटेन झालेल्यांची, म्हणजे परीक्षेला बसू न दिलेल्यांची, यादी लागल्यावर आणलेलं मेडिकल सर्टिफिकेट कुणी मनापासून वाचत नाही, आणि त्यात दोष कुणाला द्यायचा? तारखा, कोणत्या विषयाचे किती तास बुडाले, डॉक्टरांचं त्याच काळातलं सर्टिफिकेट, एवढं पुरे. दर महिन्याला विषयनिहाय हजेरी लेखी मागत राहा. बाळंतपणासाठी हजेरीत सवलत देणारे नियम करा, असं यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. त्या पत्राचा हवाला द्या.

दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये यापुढचं पाऊल टाकलं. कमी हजेरीमुळे परीक्षेला बसू न दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये आत्महत्या केली होती. त्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की केवळ हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये. कॉलेजने दर आठवड्याला हजेरी ऑनलाइन कळवावी, महिन्याला पालकांना कळवावी, जादा तास घ्यावेत, आणि तरीही कमी पडली तर फार तर ५ टक्के गुण कापावेत. बार कौन्सिलला हजेरीचे नियम नव्याने तपासायलाही सांगितलं. मला हा निकाल माणुसकीचा वाटतो. पण त्याच्या भरवशावर वर्ग बुडवू नका: दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाला मार्गदर्शक ठरतो, बंधनकारक नाही. अर्जात दाखला द्यायच्या आधी त्या निकालाची आणि बार कौन्सिलच्या परिपत्रकांची ताजी स्थिती तपासून घ्या.

भाषेबद्दलही थोडं. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की इंग्रजी कच्चं म्हणजे कायदा आपला नाही. बार कौन्सिलच्या नियमांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवायची मुभा आहे. तेव्हा इंग्रजीचा एक पेपर सक्तीचा होतो, इतकंच. तुमच्या विद्यापीठात मराठीतून उत्तरं लिहिता येतात का, हे परीक्षा विभागाच्या परिपत्रकात बघा आणि पहिल्या सेमिस्टरच्या फॉर्मवरच माध्यम नोंदवा.

चौथी पायरी: परीक्षा, निकाल आणि तुमची उत्तरपत्रिका

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. उशीर झाला तर परीक्षा संचालकांना लिहिताना या मुदतीचा उल्लेख करा.

अपेक्षेपेक्षा गुण कमी आले तर दोन रस्ते आहेत, दोन्ही एकदम धरायचे. पहिला विद्यापीठाचा: छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. याची मुदत थोडी असते आणि ती चुकली की संपलं. दुसरा माहितीच्या अधिकाराचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात स्पष्ट केलं की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. मात्र परीक्षकाचं नाव मिळत नाही, माहिती अधिकाराखाली पेपर पुन्हा तपासूनही मिळत नाही, आणि उत्तरपत्रिका जपून ठेवायची मुदत संपल्यावर काहीच मिळत नाही. म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका.

महाराष्ट्रात हा अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करतात. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. मजकूर असा लिहिता येईल:

‘मी अमुक महाविद्यालयाचा एलएल.बी. तिसऱ्या सेमिस्टरचा विद्यार्थी असून माझा बैठक क्रमांक अमुक आहे. अमुक महिन्यात झालेल्या करार कायदा या विषयाच्या माझ्या मूल्यांकित उत्तरपत्रिकेची, प्रश्ननिहाय गुणांच्या नोंदींसह, साक्षांकित छायाप्रत मिळावी. परीक्षकाचे नाव झाकून प्रत दिल्यास हरकत नाही. प्रतीचे शुल्क कळवल्यास भरण्यास तयार आहे.’

बस. अन्यायाची कहाणी नको, ‘गुण का कमी दिले’ हा प्रश्नही नको; ‘का’ ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्यामुळे अर्ज तिथेच करा. खासगी विनाअनुदानित कॉलेजकडची माहिती हवी असेल तर तिच्यावर देखरेख करणाऱ्या विद्यापीठामार्फत किंवा शुल्क प्राधिकरणामार्फत मागा.

अपंगत्व असेल तर लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असलं तरी लिहिण्यात खरी अडचण असेल तर लेखनिक नाकारता येत नाही, हे विकाश कुमार खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच द्या.

पाचवी पायरी: इंटर्नशिप आणि कोर्ट

तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते. सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही, आणि एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलाच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे करावीच लागते. सोय नसेल तर कॉलेजला विचारा; मार्गदर्शन द्यायला तयार असलेल्या ज्येष्ठ वकिलांच्या जिल्हानिहाय यादीची तरतूद नियमांत आहे. मानधनाचा मात्र हक्क नाही. ऑक्टोबर २०२४ चं बार कौन्सिलचं मानधनाचं परिपत्रक सनद मिळालेल्या ज्युनियर वकिलांसाठी आहे.

कोर्टरूममध्ये बसायला कुणाची परवानगी लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ब आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ सांगतं की कोर्ट सर्वांसाठी खुलं आहे. बंद दाराआडची प्रकरणं वगळून. बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघा, मागच्या बाकावर बसा, साक्षीदाराचा उलटतपास ऐका. वर्षभराच्या नोट्सपेक्षा एक चांगला उलटतपास जास्त शिकवतो. संशोधन करा, मसुदा लिहा; पण वकीलपत्रावर सही करणं किंवा पक्षकारातर्फे उभं राहणं हे सनदेशिवाय नाही. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ४५ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ‘तारीखच घ्यायची आहे, उभा राहा’ असं सीनियरने म्हटलं तरी नम्रपणे नकार द्या.

मुलींसाठी खास सांगायचं: लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. वकिलांच्या ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द ऑफिसच्या मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा पत्ता मिळतो. मुदत तीन महिने. कॉलेजच्या आवारातल्या प्रकाराची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत.

प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र असणं बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ते पाटीपुरतंच असतं. तुमच्याकडे तसं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तिथे विधी स्वयंसेवक म्हणून घेतात.

सहावी पायरी: रॅगिंग आणि भेदभाव

रॅगिंगबद्दल वाट बघायची नसते. १८००-१८०-५५२२ ही यूजीसीची हेल्पलाइन आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. दुर्लक्ष केलं तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो. तक्रारीवर आवक शिक्का आणि तारीख का हवी, हे यावरून कळेल. जातीवरून वागणूक बदलत असेल तर समान संधी कक्षाकडे लेखी जा. धमकी किंवा अत्याचार असेल तर थेट पोलिसांकडे.

सातवी पायरी: तक्रारीची शिडी

आधी प्राचार्यांना अर्ज. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ऑफिस शिक्का देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने किंवा कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. पोच नसलेली तक्रार कागदोपत्री झालेलीच नसते.

मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत ती असायलाच हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपालाने ३० दिवसांत निकाली काढायचं असतं. समितीच नेमलेली नसेल तर तेही यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर नोंदवा. खोट्या तक्रारीवर कारवाई होऊ शकते, म्हणून सिद्ध करता येईल तेवढंच लिहा.

परीक्षा तोंडावर आहे आणि हॉल तिकीट नाकारलंय, अशा वेळी शिडी चढत बसायला वेळ नसतो. तेव्हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. राज्यात मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच. खर्चाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा: महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. कायद्याच्या विद्यार्थिनींनाही हे क्वचित ठाऊक असतं.

शेवटची पायरी: सनद

वकिली करण्यासाठी द्यावी लागणाऱ्या ऑल इंडिया बार परीक्षेला शेवटच्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्यांना आता बसता येतं. नोंदणीसाठी अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४ प्रमाणे राज्य बार कौन्सिलला ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये, एकूण ७५०. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात बजावलं. त्यावर कुठल्याही नावाने रक्कम मागितली गेली तर ती कशाबद्दल आणि कोणत्या नियमाखाली, हे लेखी विचारा आणि पावतीवर शीर्षक लिहून घ्या.